भिंतीला अजून ओल आहे

काकूंच्या घराच्या बाहेरच्या भिंतीने ओल धरली होती. पलंगामागे रंगाचे पोपडे सुटले होते आणि उशीलासुद्धा कुबट वास यायचा. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, ओल गेली की येतो. छोटीला खोकला आहे, तुला ठाऊक आहे ना?" ठाऊक नसायला काय झालं! नात चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळं काकूंनी फोनच्या काचेतच पाहिलं होतं.

शेवटी त्यांनी गवंडी आणला. हा बाबा मोठा बोलघेवडा. आतली भिंत त्याने नुसती पाहिल्यासारखी केली आणि बाहेर जाऊन टकटक सुरू केली. "काकू, दुखणं इथं आहे आणि तुम्ही आतून रंग फासताय!" भेग चांगली बोट जाईल एवढी होती. त्याने जुना गिलावा खरवडला, भेग भरली, नवा गिलावा केला आणि बजावलं, "आता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं."

"ओल घालवायला पाणी? ही कुठली उलटी तऱ्हा?"

"गिलावा कोवळा असतो, काकू. आधी पाजायचं, मग वाळवायचं."

काकू बादली घेऊन रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. एरवी त्यांच्या दाराकडे न बघणारे लोक थांबून विचारत, "काय काकू, भिंतीला अंघोळ?" काकू प्रत्येकाला सांगत, "मुलगा यायचाय ना!" सांगून सांगून त्यांना ते अगदी उद्यावर आल्यासारखं वाटू लागलं.

भिंत वाळली, रंगही झाला. काकूंनी छोटीसाठी लहानशी उशी आणून पलंगावर ठेवली. तेवढ्यात फोन आला.

"आई, ओल कशी आहे?" आणि त्या तोंड उघडणार तोच तो घाईने म्हणाला, "म्हणजे गेली असेल तर... तसं सुट्टीचं जरा कठीणच आहे. हिच्याही कामाचं..."

लहानपणी कपबशी फोडली की तो असाच अडखळायचा. काकूंना पोराची कीव आली, स्वतःची त्याहून जास्त.

त्यांनी भिंतीवर हात ठेवला. कोरडी ठाक होती.

"अजून आहे रे ओल," त्या म्हणाल्या. "एवढ्यात नको आणूस छोटीला."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला आणि मग कितीतरी वेळ हसतखेळत बोलत राहिला. इतकं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.