पोटावरची वाटी

निशिगंधाची आई जाऊन दोन महिने झाले होते. चार वर्षांची पोर, पण तेव्हापासून ना धड खायची, ना खेळायची, ना बोलायची. कसबा बावड्यातल्या माझ्या अंगणवाडीत ती भिंतीला टेकून उभी असायची आणि तिचं वजन उतरत चाललं होतं.

तिचे आजोबा जोतीराम आबा जुने पैलवान. त्यांच्या लेखी सगळ्या दुखण्यांवर औषध एकच, खुराक. रोज सकाळी पोरीला दूधकट्ट्यावर नेऊन, समोरच पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पेलाभर पाजायचे. अंगणवाडीत आली की ती ते ओकून टाकायची.

माझ्या तोंडाला कुठला लगाम? "आबा, हिला काय कुस्तीच्या मैदानात उतरवायचंय?"

"अंगात ताकदच न्हाय की तिच्या. म्हणून गप हाय," ते म्हणाले.

मी तरी कुठं शहाणी होते! प्रशिक्षणात शिकले होते: आधी अंगणात बेडूकउड्या, मग सतरंजीवर आडवं पडायचं, पोटावर रिकामी वाटी ठेवायची आणि डोळे मिटून श्वास घ्यायचा. मन शांत होतं. त्यानंतर त्याच वाटीत मटकीची उसळ. पोरांना हे भारी आवडायचं. निशिगंधा मात्र आडवी व्हायची नाही. एका सोमवारी मी तिला हाताला धरून निजवलं आणि म्हटलं, "मीट डोळे."

तिनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बायका धावत आल्या. निजलेल्या पोरांना ती गदागदा हलवत सुटली. "उठा! उठा!"

दोन महिन्यांतले तिचे पहिले शब्द.

आबांना बोलावून घेतलं. "हिला आईचं काय सांगितलंय तुम्ही?"

त्यांनी मान खाली घातली. "झोपलीय म्हणून सांगितलंय. दुसरं काय सांगायचं, बाई? आता मला बी झोपू देत न्हाय. डोळा लागला की गालावर मारती."

मला राग आला. त्यांचा, आणि त्याहून जास्त माझा.

"आबा, आडवे व्हा."

एवढा आडदांड माणूस निमूट सतरंजीवर पडला. मी त्यांच्या पोटावर वाटी ठेवली. निशिगंधा धावत आली, पण वाटी वर गेली तशी थबकली. वाटी खाली आली. पुन्हा वर गेली. पोर गुडघ्यांवर बसून बघत राहिली. मग तिनं त्यांच्या पोटावर हात ठेवला.

"हालतंय," ती म्हणाली.

"व्हय, बाळा."

"आईचं हालत न्हवतं."

वाटी घरंगळून खाली पडली. मी आबांकडे पाहिलं. हे आबांनीच सांगायला हवं होतं.

ते उठून बसले. "आई झोपली न्हवती. मी खोटं बोललो तुला. आई मेली, बाळा. आता ती न्हाय उठायची."

तेव्हा कुठं पोर रडली. आबाही रडले. मी त्यांना रडू दिलं.

उसळ पार गार झाली होती. गरम करायला उठले, तर निशिगंधानं खाली पडलेली वाटी उचलून माझ्यापुढं धरली.

"मला दे," ती म्हणाली. "आबाला बी दे."