चढलेली शीर

मित्रांनो, एका रंगाऱ्याच्या उजव्या टाचेमागे मी राहते. मी एक जुनी कंडरा आहे. हे नाव तुम्हाला पुस्तकात सापडेल. घरोघरी मला नुसतं ‘शीर’ म्हणतात, आणि आमचं सगळं नुकसान त्या एका शब्दाने केलं.

शीर म्हटली की ती चढते, दबते, आखडते, असं लोक धरून चालतात. मी एक दोर आहे. चिवट तंतूंच्या जुड्या एकमेकींना बिलगून, किंचित पीळ घेऊन मी तयार झाले. माझं वरचं टोक पोटरीच्या स्नायूंत आहे, खालचं टाचेच्या हाडात. पोटरी ओढते, मी टाच उचलते, माणूस पाऊल टाकतो. माझ्यापर्यंत रक्त फार थोडं पोचतं, म्हणून एकदा बिघडले की मी फार सावकाश सुधारते.

रंगारी छतं रंगवायचा. शिडीच्या पायरीवर त्याचा चवडा टेकलेला असे आणि टाच हवेत. कोपऱ्यापर्यंत ब्रश पोचवायला तो चवड्यांवर उठे, मग धपकन खाली येई. खाली त्याची बायको शिडी धरून उभी असे, रंग कालवून देई. त्याच्या छतावर एक ओघळ दिसत नसे. लोक त्याच्या हाताचं कौतुक करत. टाचेचं कोण करणार? मलाही त्याचं वाईट वाटत नसे.

पन्नाशीच्या आसपास माझे तंतू विस्कटू लागले. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं तो भिंतीला धरून टाकी. जरा चाललं की दुखणं मागे पडे आणि तो विसरून जाई. मी जाड झाले. चिमटीत धरलं तरी दुखू लागले. दुखणं हीच माझी भाषा आहे, दुसरी मला येत नाही.

“शीर चढलीये,” रंगारी म्हणाला.

चढलेली शीर उतरवायची असते, हे त्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारचा मालिशवाला आला. त्याने अंगठ्याने मला रगडलं, पाऊल उलटसुलट ओढलं, उतरली म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी आणखी सुजले.

बायकोने हट्टाने त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला चाचपलं. हा दोर उसवत चाललाय, रगडू नका, सुई टोचून दुखणं मारू नका, असं त्यांनी बजावलं. काही दिवस शिडी बंद. बुटात टाचेखाली मऊ गादी. आणि जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाच अगदी सावकाश खाली सोडायची. रोज, निदान तीन महिने.

रंगाऱ्याला हसू आलं. “बाई, हे तर मी जन्मभर करतोय.”

“तुम्ही धपकन करता,” बाई म्हणाल्या. “मी सावकाश म्हणाले.”

त्या ‘सावकाश’मध्येच माझं औषध होतं. बेताबेताने भार मिळाला की माझे तंतू पुन्हा बळ धरतात. रंगाऱ्याने पंधरवडाभर व्यायाम केला. दुखणं थोडं कमी झालं, आणि एका मोठ्या सभागृहाचं छत हाती आलं. व्यायाम सुटला. मी पुन्हा बोलू लागले, या वेळी मोठ्याने. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने नेमकं माझ्यातच इंजेक्शन टोचून घेतलं. दुखणं गेलं. तो खूश झाला. मी मुकी झाले, आणि आतून जास्तच कमजोर.

थोड्याच दिवसांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर त्याने पाय रेटला आणि मी तुटले. वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला. मागून कुणी टाचेवर लाथ घातल्यासारखं वाटून रंगारी गर्रकन मागे वळला.

“अगं, लाथ कशाला मारलीस?”

बायको चांगली लांब, बादलीत रंग ढवळत बसली होती.

माझं वरचं टोक पोटरीबरोबर वर ओढलं गेलं. शीर खरोखर चढली ती तेव्हाच, आणि आता मालिशवाल्याला ती उतरवता येणार नव्हती. पाय मुरगळला असेल, असं म्हणत रंगाऱ्याने कित्येक आठवडे घालवले. शेवटी सर्जनांनी माझी दोन टोकं शिवली, पण उशीर झाला होता. मी जुळले ती सैल. उजव्या चवड्यावर त्याला आता उठता येत नाही.

शिडीवर बायको चढते. तो खाली शिडी धरून उभा असतो, मान वर करून.

काल सकाळी ती पलंगावरून उतरली आणि भिंतीला धरून चालू लागली.

“अहो, शीर चढलीये वाटतं,” ती म्हणाली.

रंगारी तिच्या टाचेकडे बघत राहिला. पण छत अर्धं राहिलं होतं. त्याने शिडी खांद्यावर घेतली.

मित्रांनो, तिच्या टाचेमागे माझ्यासारखीच एक आहे. ती अजून तुटलेली नाही. मला तिच्याशी बोलता येत नाही, आणि ज्याला येतं तो बोलला नाही. तुमच्या घरात कुणी सकाळी भिंतीला धरून चालत असेल, तर तुम्ही तरी विचारा. थोडं चाललं की ते माणूस विसरून जाईल. तुम्ही विसरू नका.