पडत्या कडीचा ट्रेलर

या, टेका जरा पायरीवर. पायरी भक्कम आहे, घाबरू नका. माझं सगळंच गरजेपेक्षा भक्कम आहे. फक्त दार ओढून घेऊ नका, एवढी विनंती. आता त्यानं काही बिघडत नाही, पण सवय लागलीय मला, दार हललं की छातीत धस्स होतं.

मी जीपच्या मागे जोडायचा ट्रेलर. रानात, माळावर मुक्कामाला जायचं म्हणून बांधलेला. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, मागच्या बाजूला चूल-भांड्यांचा कप्पा, वर पत्र्याचं छप्पर. लोक मला बघून "काय छान झोपायची सोय केलीय" असं म्हणतात. मी ऐकून घेतो. माझ्यात आजवर कोणी झोपलेलं नाही.

ज्यानं मला बांधलं तो फाटकं बनवणारा. जन्मभर त्यानं दुसरं काही केलं नाही. लोखंडी फाटकं, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे. माझी डावी बाजू नीट बघा, पत्र्याखाली वेलबुट्टी हाताला लागेल. ते कोणीतरी करायला सांगून गेलेलं आणि न्यायला न आलेलं फाटक आहे. खालचा सांगाडा पाण्याच्या जुन्या टाकीगाडीचा. तेव्हा माझ्यात निम्मं फाटक आहे आणि निम्मी टाकी, आणि दोघांच्याही अंगात आडमुठेपणा आहे.

आता मी जन्माला का आलो ते सांगतो. घाई नाही ना?

फाटकवाल्याच्या घराला अर्थातच फाटक होतं. मागच्या अंगणात कारखाना, पुढे घर. फाटक उंच, कडी आतल्या बाजूला. कोणी आलं की हाक मारायचं आणि मालकीणबाईंनी उठून उघडायचं. माप द्यायला आलेले, माल बघायला आलेले, नुसतं विचारायला आलेले. घास हातात असला तरी उठायचं, डोळा लागला असला तरी उठायचं. फाटकवाल्याच्या तोंडावर वेल्डिंगची काच आणि कानात कापायच्या यंत्राचा आवाज, त्याला हाक कुठली ऐकू येणार?

एका दुपारी अशाच चौथ्यांदा की पाचव्यांदा उठून आल्या आणि ओट्यावर बसून म्हणाल्या, "अहो, मला एकदा अशा ठिकाणी झोपायचंय जिथं फाटक नाही, दार नाही. कोणी हाक मारणार नाही. वर आभाळ, बस. एक रात्र."

त्यांचा भाऊ तिथंच चहा पीत होता. त्याच्याकडे ती रस्ता सोडून कुठंही चढणारी जीप. तो म्हणाला, "ताई, त्यात काय? गादी घे, चादर घे, जीपमध्ये बस. उद्या निघू."

तिथंच विषय संपला असता. मी झालोच नसतो. पण फाटकवाल्यानं तोंडावरची काच वर केली. "उघड्यावर? माझी बायको उघड्यावर झोपणार? मेहुणे, तुम्ही गप्प बसा. मी करतो सोय."

माणूस प्रेमळ, बरं का. बायकोनं काही मागितलं आणि त्यानं केलं नाही असं नाही. फक्त ऐकलेलं सगळं त्याच्या डोक्यात जाईपर्यंत लोखंडाचं होऊन जायचं.

पुढचे कितीतरी महिने मी बनत होतो. मेहुणा रविवारी यायचा, मला एका बाजूनं उचलून बघायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"भावोजी, हे ओढायचंय हो, जमिनीत रोवायचं नाहीये."

"हलकं केलं तर वाऱ्यानं उडेल."

"आणि खिडक्यांना एवढे जाड गज कशाला?"

"चोर आला तर?"

"माळावर चोर कशाला येईल? तिथं चोरायला आहे काय?"

"आपण असू ना तिथं!"

मेहुणा मला परत खाली टेकवायचा.

मालकीणबाई भाजी निवडता निवडता यायच्या, माझ्यात डोकावायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या. "आभाळ कुठून दिसेल?" फाटकवाल्याच्या ते मनात राहिलं. त्यानं छपराला चौकोनी भोक पाडलं, वर काच बसवली. मग काचेकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि काचेखाली गज लावले. आभाळातूनही कोणी येऊ शकतं, काय सांगावं.

शेवटी कडी. ती मात्र ऐकाच.

त्याची कडी गावभर नावाजलेली होती. पडती कडी म्हणायचे. फाटक नुसतं ढकलून द्या, मागे वळून बघू नका. कडी धक्क्यानं उचलली जाऊन स्वतःच्या वजनानं खाचेत पडायची, टक् करून. त्याचं फाटक कधी उघडं राहिलं नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. तशीच एक, सगळ्यात चांगली, त्यानं माझ्या दाराला बाहेरून बसवली. नुसती बसवली नाही, वितळवून जोडून टाकली. मग बायकोला बोलावलं.

"ऐक." टक्. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"परत ऐक." टक्.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. लहान पोरानं चितारलेला हत्ती बघून म्हणतात तसं.

मीही खूश होतो. आता तुमच्या लक्षात आलं असेल, पण तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच आलं नाही. कंबरेएवढ्या फाटकाला वरून हात घालून पलीकडची कडी उचलता येते. मला छप्पर आहे.

निघालो. जीप चढावर अशी धापा टाकत होती की मलाच लाज वाटत होती. मेहुणा खिडकीतून ओरडायचा, "भावोजी, उतरा, एखादं फाटक काढून ठेवू!" अखेर तळ्याच्या काठी पोचलो. चहूकडे मोकळं. कुंपण नाही, भिंत नाही, झाडंसुद्धा लांब लांब. मालकीणबाई उतरल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पदर वाऱ्यावर उडत होता, तो त्यांनी सावरलाही नाही. मग गादी ओढून काढायला लागल्या.

"अगं, गादी कुठं नेतेस? आत घातलीय ना!"

"आत झोपायला मी इथवर आले का?"

मेहुण्याला दोघांच्या मध्ये पडायचं नव्हतं. पाणी भरून आणतो म्हणाला, मला सोडवलं आणि जीप घेऊन गेला. हत्यारांची पेटी जीपमध्ये.

तेवढ्यात वावटळ उठली. तळ्याकडची सगळी धूळ आमच्या अंगावर. फाटकवाला गादी आत टाकत म्हणाला, "चल आत, डोळ्यात जाईल. वारा पडला की ये बाहेर." त्या कुरकुरत आत आल्या, मागून तो. आणि वाऱ्यानं दार ढकललं.

टक्.

पहिल्यांदा त्याचा चेहरा असा फुलला! "बघितलंस? कशी पडली! हातसुद्धा लावावा लागला नाही!"

मालकीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. मी आयुष्यात एवढं हळू उतरलेलं काही पाहिलं नाही.

त्यानं दार ढकललं. खांदा लावला. खिडकीच्या गजांतून हात घातला, कडी चार बोटं लांब राहिली. गज हलवून बघितले.

"तुटतील का?" त्यांनी विचारलं.

"माझी जोड आहे ती," तो म्हणाला. एरवी हे वाक्य तो छाती काढून म्हणायचा.

"छपराचे?"

"तेही मीच केलेत."

बाहेर वारा पडला. धूळ खाली बसली, तळ्यावर ऊन सोन्यासारखं पसरलं. आत गादीवर त्याच उन्हाचे चौकोन पडले होते, गजांच्या मापाचे. मालकीणबाई त्या चौकोनांकडे बघत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला आवाजाची सवय आहे, मी घणाखाली वाढलोय.

मग त्या म्हणाल्या, "घरी निदान फाटक उघडणं माझ्या हातात होतं."

फाटकवाल्यानं गजावरचा हात खाली घेतला. बोलण्यासारखं काही असतं तर त्यानं ते लोखंडाचं करून ठेवलं असतं.

"मी तुझ्यासाठीच..." एवढंच म्हणाला.

"माहीत आहे हो. तेच तर." त्या मागे टेकून म्हणाल्या, "आता बसा. कोणीतरी येईल नि उघडेल. मी जन्मभर लोकांना उघडलं, बघू आज मला कोण उघडतं."

दिवस मावळता जीप आली. मेहुण्यानं इकडं तिकडं बघितलं.

"ताई? भावोजी? कुठं गेलात?"

"आत," आतून आवाज आला.

"मग या की बाहेर."

मेहुणा जवळ आला. कडी बघितली, खिडकी बघितली, गजांमागचा भावोजींचा चेहरा बघितला. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "चोर आले होते वाटतं?"

"मेहुणे, कडी उचला."

"पण काय बसलीय हो! अगदी खाचेत!"

"मेहुणे!"

"अरे, उघड रे बाबा," मालकीणबाई म्हणाल्या, "नाहीतर इथंच फाटकाची ऑर्डर घ्यायला सुरुवात करतील हे."

दार उघडलं. त्या गादी डोक्यावर घेऊन उतरल्या आणि चालायला लागल्या. एकदाही मागे बघितलं नाही. चांगल्या लांब गेल्या, तळ्याच्या अलीकडे गादी टाकली आणि तिच्यावर पसरल्या.

फाटकवाला माझ्या दारात उभा. त्यानं कडीला हात लावला, उचलली, सोडली. टक्. मग तार घेतली, उघडं दार माझ्या अंगाशी आवळून बांधून टाकलं आणि उशी काखेत मारून तिकडं गेला.

"जागा आहे का?"

"एवढं मैदान पडलंय," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "घोरणार असाल तर त्या टोकाला."

तो त्या टोकाला गेला नाही. मी लांबून बघत होतो, उघड्या दारानं, रिकामा.

घरी आल्यावर फाटकवाल्यानं माझे गज कापले. दिवसभर लागला, जोड त्याचीच होती. त्या गजांची त्यानं चुलीवर भांडं ठेवायची जाळी केली, आता तिच्यावर चहा उकळतो. कडी मात्र कापून हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग उठला आणि पुढे जाऊन घराच्या फाटकाचीही कडी काढून टाकली.

आता फाटक दिवसभर उघडं असतं. गिऱ्हाईक हाक मारतं, कोणी येत नाही, मग आपोआप आत येतं. काही जण विचारतात, "फाटकवाल्याचंच फाटक उघडं कसं?" तो काच वर करून म्हणतो, "वारा येतो." आत मालकीणबाईंना दुपारची झोप लागलेली असते.

आणि मी? मी खूप हिंडलो. त्यांना चटकच लागलीय. महिन्यातून एकदा तरी जीप जोडतात. माझ्यात गाद्या भरतात, भांडी, पाणी, मेहुण्याचं मासे पकडायचं सामान. मुक्कामाला पोचलं की सगळं बाहेर काढतात आणि आभाळाखाली आडवे होतात. रात्रभर मी भांड्यांना घेऊन उभा असतो. छपराच्या काचेतून आता आभाळ अगदी स्वच्छ दिसतं. बघणारा मी एकटाच.

तक्रार नाही माझी. मागच्या पावसाच्या सरीत मालकीणबाई धावत येऊन तुम्ही बसलाय तिथंच पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "याला उगाच बोल लावला आपण. बिचारा चांगला आहे." सर थांबली तशा उठून गेल्या. मला तेवढं पुरलं.

तरी तुमच्या ओळखीत कोणी असेल, ज्याला उघड्यावर झोप लागत नाही, तर पाठवा. एक रात्र पुरे. गादी मऊ आहे.

निघालात? बरं. दार राहू द्या तसंच.