दातांच्या डॉक्टरची डिस्क

दातांच्या डॉक्टरवर त्याचा भलताच दात होता. डॉक्टरनं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. फक्त रविवारी सायकल चालवणाऱ्यांच्या टोळक्यात तो डिस्क ब्रेकची काळी सायकल घेऊन नवा आला होता, आणि तेव्हापासून बायकोच्या तोंडी उठता-बसता डिस्क होती.

आजवर नवरा-बायकोच्या सायकली सारख्याच होत्या, रिम ब्रेकच्या. रबराचे दोन गुटके चाकाची कडा आवळून धरणार, एवढीच काय ती करामत. वाटेत तिचं चाक वाकलं, तर हा आपलं काढून तिला चढवायचा आणि स्वतः बसनं घरी यायचा. डिस्कच्या सायकलला हे चाक बसत नाही. आता ती नवी सायकल घेणार, आणि डिस्कची घेतली तर तिला चाक कोण देणार? तोच दातउपट्या! नुसत्या विचारानंच त्याचा तिळपापड व्हायचा.

दुकानात त्यानं तोंडाचा पट्टा सोडला. "रिमच घे. हलकी, स्वस्त, घरच्या घरी दुरुस्त होते. डिस्कच्या नळीत तेल भरायचं म्हणजे कटकट. कोण करणार ते?"

"डॉक्टर शिकवणार आहेत."

"ते दातांचे डॉक्टर आहेत!"

दुकानदार फडकं घेऊन पुसलेलीच सीट पुन्हा पुसू लागला.

"पण अडलंय कुठं तुझं रिमवर?"

"पाण्याच्या टाकीच्या उतारावर," ती म्हणाली. "बोटं सुन्न होईपर्यंत ब्रेक आवळते मी. दर वेळी वाटतं, सायकल थांबणारच नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"खाली पोचले की तू सगळ्यांसमोर म्हणायचास, आली आमची गोगलगाय. मग काय बोलणार? डॉक्टरांनी पहिल्याच रविवारी विचारलं, बोटं का चोळताय म्हणून."

त्याचा मत्सर कमी झाला नाही, उलट आता त्याला चांगलं कारण मिळालं.

"डिस्कच दाखवा," तो दुकानदाराला म्हणाला.

तिनं नव्या सायकलचा ब्रेक एका बोटानं दाबून पाहिला, पुन्हा दाबला. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. आणि त्याला डॉक्टरचा आणखीच राग आला.