जावयाची काडतुसं

सेल्डन बे गावातला माणूस हॅल्वर नीगार्डच्या गोळ्या कमरेला लावल्याशिवाय नदीवर पाऊल टाकत नसे, आणि ही गोष्ट हॅल्वरला जरा जास्तच ठाऊक होती. दुकानातली तयार काडतुसं शहरातून मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. समोरून अस्वल अंगावर आलं तर त्याच्या खांद्याचं हाड फोडून आत जायला जड, कडक, हाताने ओतलेली शिशाची गोळी हवी, आणि ती हॅल्वरने ओतलेली हवी, असा तीस वर्षांचा रिवाज होता. घरामागच्या पडवीत तो गाड्यांच्या चाकांना तोलासाठी लावतात ती शिशाची जुनी वजनं वितळवी, वरची मळी काढून टाकी, साच्यात शिसं ओती आणि गरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत पाडी. मग एकेक पुसून, मेण लावून, बारूद भरलेल्या पितळी पुंगळीत बसवी आणि हातयंत्राने पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळून टाकी. त्या यंत्राचा स्क्रू त्याने तीस वर्षांत हलवला नव्हता. हलवायचं कारणच काय?

सगळ्या गावासाठी तो गोळ्या करी हे खरं, पण त्याचा जीव होता तो पन्नास काडतुसांच्या एका डब्यात. मॅरेनच्या. त्याची ही एकुलती एक मुलगी दर जूनमध्ये नदीच्या वरच्या अंगाला, सॅमन मासे मोजायच्या तळावर जाई. तीन महिने तंबूत, सोबत आणखी एक मुलगी आणि आजूबाजूला माशांवर टपलेली अस्वलं. एकोणीस वर्षांची असल्यापासून निघायच्या दिवशी बापाने डबा पुढे करायचा, तिने तो हलवून बघायचा आणि पिशवीत टाकायचा. मॅरेनची आई गेली तेव्हाही त्या दोघांनी एकमेकांना जे काही सांगितलं, ते त्या डब्यातूनच. नीगार्डांच्या घरात माया बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

आणि मग आला वेंडेल.

वेंडेल शाळेत गणित शिकवायला आला, मॅरेनशी लग्न करून बसला, आणि वर हॅल्वरला ‘बाबा’ म्हणायला लागला. मुलगी घेतली ती घेतली, हाकसुद्धा घेतली! पण सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच होती. गोळ्या ओतायला त्याला हॅल्वरनेच शिकवलं होतं. पहिल्या हिवाळ्यात हा बापडा पडवीत येऊन वहीत लिहून घ्यायचा आणि हॅल्वर मोठेपणाने सांगायचा. दुसऱ्या हिवाळ्यात त्याने स्वतःचं यंत्र मागवलं. हॅल्वर शिशाचा कस वाजवून ओळखे, तर हा प्रत्येक गोळी काट्यावर ठेवी आणि अर्ध्याअधिक परत वितळवी.

“गोळ्या तोलतोय की औषधाच्या पुड्या?” हॅल्वर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होता.

दुकानाची मालकीण ऑल्गा. तिची जीभ म्हणजे गावाला फुकटची करमणूक. ती म्हणाली, “तू हस बाबा. पण गेल्या आठवड्यात दोघेजण त्याच्याकडून घेऊन गेले. दोन्ही तुझी जुनी गिऱ्हाइकं.”

हॅल्वर त्या दिवशी कॉफी अर्धी टाकून घरी आला.

या वर्षी मात्र जावयाने कमाल केली. मॅरेनचं जुनं रिव्हॉल्वर जड होतं. दिवसभर कमरेला लावून तिची पाठ धरे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती ते तंबूत ठेवून पाण्यात उतरली आणि परतताना वाटेत अस्वल. निभावलं, पण वेंडेलने धसका घेतला. त्याने तिला नवं रिव्हॉल्वर आणलं, वजनाने जुन्याच्या निम्मं. स्वतःलाही तसंच घेतलं. आणि काडतुसंही त्यानेच भरली.

जेवणाच्या टेबलावर ही बातमी निघाली तेव्हा हॅल्वरने माशाचा काटा ताटाच्या कडेला नीट ठेवला.

“गोळी तीच चालेल ना? मापाला तेच आहे. मग माझी का नको?”

“नको असं नाही, बाबा,” वेंडेल म्हणाला. “फक्त आधी तपासून बघू. हलकं हत्यार मागे जोरात झटका देतं. त्या झटक्याने फिरत्या चक्रीत थांबलेल्या बाकीच्या काडतुसांमधल्या गोळ्या पुढे सरकतात कधी कधी. जड असतात ना. टोक बाहेर आलं की चक्री फिरत नाही. माझंही दोनदा असंच झालं, मग पुंगळीचं तोंड जास्त घट्ट आवळलं.”

“तुझं झालं असेल,” हॅल्वर म्हणाला. “माझ्या गोळ्या तीस वर्षं अस्वलांनी तपासल्या आहेत. तक्रार घेऊन एकही आलं नाही.”

मॅरेन हसली. पण बापाच्या बाजूने ती काही बोलली नाही, आणि वेंडेलच्या ताटात तिने दुसरा तुकडा वाढला. हॅल्वरने ते पाहिलं. त्या तुकड्याची आठवण त्याला पुढचे चार दिवस पुरली. असल्या गोष्टी विसरायचा त्याचा स्वभावच नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी तळ्याकाठच्या धक्क्याला पाण्यावर उतरणारं छोटं विमान उभं होतं. मॅरेन आणि वेंडेल वैमानिकाबरोबर सामानाचं वजन करत होते. हातातल्या पिशव्या हॅल्वरच्या पायाशी होत्या. “बाबा, जरा लक्ष ठेव,” असं म्हणून ती गेली होती. त्याने लक्ष ठेवलं. मॅरेनच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात वेंडेलचा डबा होता. वर चिठ्ठी, तिच्यावर तारीख, वजन, काय काय, सगळं सुवाच्य अक्षरात. शाळामास्तरच तो!

हॅल्वरच्या कोटाच्या एका खिशात त्याची स्वतःची पन्नास होती. ती का आणली हे त्याने घरून निघताना स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारायला वेळ नव्हता. त्याने जावयाची काडतुसं दुसऱ्या खिशात ओतली, आपली डब्यात ओळीने लावली आणि झाकण लावलं. वरून बघणाऱ्याला फरक कळला नसता. चिठ्ठी जावयाची, माल सासऱ्याचा! मॅरेनला घेऊन विमान उडालं तेव्हा धक्क्यावरून वेंडेलने हात हलवला, हॅल्वरनेही हलवला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला जावयाची थोडी कीव आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेंडेल दारात हजर. कमरेला त्याचं हलकं रिव्हॉल्वर.

“बाबा, खडीच्या खाणीकडे येता? तुमच्या गोळ्या घेऊन. जाताना मॅरेन मला सांगून गेली, बाबाच्याही तपासून बघ, चालल्या तर पुढच्या विमानाने पाठव. तिला तुमच्याच हव्या असतात हो. मला काय कळत नाही का?”

शेवटचं वाक्य तो हसत बोलला, पण ते त्याला जड गेलं हे हॅल्वरने टिपलं आणि मनातल्या मनात मटकावलं. अरे वा! म्हणजे इकडेही जळतंय तर. त्याने लगेच बेत केला. सहाच्या सहा गोळ्या धडाधड उडवायच्या, जावयाचा चेहरा बघायचा, आणि मग सहज सांगायचं, पाठवायची गरज नाही, कालच गेल्यात. संध्याकाळपर्यंत ऑल्गाच्या दुकानात ही गोष्ट गेली पाहिजे. गेलीच असती, हॅल्वर स्वतः घेऊन गेला असता.

खाणीत त्याने रिव्हॉल्वर हातात घेतलं. खरंच हलकं होतं. त्याने आपली सहा काडतुसं चक्रीत घातली, दोन्ही हातांनी धरलं आणि समोरच्या मातीच्या ढिगावर पहिली झाडली. मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. असला झटका त्याने उभ्या जन्मात खाल्ला नव्हता. दात आवळून दुसरी झाडली. तिसऱ्या वेळी त्याने चाप ओढला आणि काहीच झालं नाही. परत ओढला. चक्री जागची हलेना.

“थांबा, नळीचं तोंड तिकडेच ठेवा,” वेंडेल म्हणाला. त्याने हलक्या हाताने रिव्हॉल्वर घेतलं. चक्री बाहेर काढायला त्याला लाकडाने ठोकावं लागलं. उरलेल्या चारही गोळ्या पुंगळीतून पुढे आल्या होत्या. एकीचं टोक तर चांगलं नखभर बाहेर.

वेंडेल खूश होईल असं हॅल्वरला वाटलं होतं. झाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण तो म्हणाला, “एवढंच ना बाबा, स्क्रू पाव फेरी आवळायचा. जुन्या जड हत्याराला तुमच्या गोळ्या उत्तमच आहेत. बरं झालं, तिच्याजवळ माझ्या आहेत.”

हॅल्वर खडीच्या ढिगावर बसला. सांगू नये असंही त्याच्या मनात आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. परवा विमान जाणार, काहीतरी निमित्त काढून दुसरा डबा पाठवता येईल, कुणाला पत्ता लागणार नाही. दोन गोळ्या तरी उडतातच की. एवढा विचार त्याने केला. मग त्याला तिसऱ्यांदा चाप ओढणारी मॅरेन दिसली.

त्याने कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर काडतुसं जावयासमोर धरली. कालपासून ती त्याच खिशात होती.

वेंडेलने आपली काडतुसं ओळखली. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं.

“बाबा,” तो म्हणाला. “काय केलंत हे?”

“शिव्या दे.”

“नंतर देईन. सहाला रेडिओ.”

तळावरचा रेडिओ बॅटरी वाचवायला दिवसातून एकदाच चालू होई, संध्याकाळी सहाला. गावातला रेडिओ ऑल्गाच्या दुकानात. आणि नदीवरचे सगळे तळ, सगळ्या होड्या त्या वेळी कान लावून बसत, कारण एकमेकांच्या घरचं ऐकणं हीच तिथली करमणूक. म्हणजे जे सांगायचं ते सगळ्या नदीसमोर. ज्यांच्या कमरेला त्याच्याच गोळ्या होत्या, त्या सगळ्यांसमोर.

“मी सांगू का?” दुकानाच्या पायरीवर वेंडेलने विचारलं. “चूक झाली म्हणेन. नेमकी कुणाची ते नाही सांगणार.”

“तुझे उपकार नकोत मला,” हॅल्वर म्हणाला, आणि आत गेला.

ऑल्गाने त्याला माईकजवळ पाहून भुवया उंचावल्या. “हॅल्वर नीगार्ड आणि रेडिओवर? कोण मेलं?”

सहा वाजले, खरखर झाली आणि मॅरेनचा आवाज आला. तळ ठीक, पाणी चढलंय, आज तीनशे बारा मासे. “आणि सकाळी अस्वलाची एक मादी आली होती, दोन पिल्लं घेऊन. अगदी वीस पावलांवर. मी रिव्हॉल्वर रोखून उभी राहिले, मग तीच गेली. ऐकतंय का कुणी तिकडे?”

हॅल्वरने माईकचं बटण दाबलं.

“मॅरेन, मी बोलतोय. तुझ्या डब्यातल्या गोळ्या वेंडेलच्या नाहीत. माझ्या आहेत. धक्क्यावर मी बदलल्या.”

“माहितीये मला,” मॅरेन म्हणाली.

“काय माहितीये?”

“अरे बाबा, डबा उघडताच कळलं. तुझ्या हातच्या मला ओळखू येणार नाहीत? परत पाठवल्या तर तुला किती लागेल ते मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. त्याच भरल्यात. वेंडेल नाही वाटतं आज तिथे? मग त्याला काही बोलू नकोस हं, ऐकणाऱ्यांनीही बोलू नका.”

वेंडेल हॅल्वरच्या मागेच उभा होता. हॅल्वरने वळून पाहिलं. जावयाचे कान लाल झाले होते आणि तो ऑल्गाच्या फळीवरचे बिस्किटांचे डबे वाचत होता. तो चेहरा हॅल्वरला चांगलाच ओळखीचा होता. दोन वर्षं रोज सकाळी दाढी करताना तो आरशात हाच चेहरा बघत आला होता.

मुलीने जावयाला डावलून आपल्याला निवडावं, त्याच्या देखत निवडावं, सगळ्या नदीने ऐकावं. दोन वर्षं त्याने हेच मागितलं होतं. मिळालं. वीस पावलांवर अस्वल असताना ती त्याचं मन राखत उभी होती.

“मॅरेन, त्या आत्ताच्या आत्ता चक्रीतून काढ. दोन उडतात आणि मग चक्री अडकते. मी स्वतः बघितलंय. वेंडेल मला आधीच सांगत होता, मी ऐकलं नाही. त्याच्याच गोळ्या योग्य आहेत. उद्याच वैमानिकाच्या पाया पडून त्या पाठवतो. तोवर तळावरची लांब बंदूक हातातून सोडायची नाही. कळलं?”

नुसती खरखर.

“काढल्या,” मॅरेन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “सगळा डबा परत पाठवू?”

“सगळा.”

“एक ठेवते ना बाबा. नुसती खिशात. भरणार नाही.”

हो म्हणायला हॅल्वरचं तोंड उघडलंही होतं.

“एकही नको,” तो म्हणाला. “राहिली तर कधीतरी भरशील.”

“बरं. वेंडेल आहे का तिथे? त्याला दे.”

हॅल्वरने माईक जावयाच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. ऑल्गाने कधी नव्हे ते काही न बोलता त्याच्या मागे दार ओढून घेतलं. पण ते दार जुनं होतं, पुरतं लागत नसे. आत त्याची मुलगी तिच्या नवऱ्याशी बोलत होती, बराच वेळ, आणि हॅल्वर एकेक शब्द ऐकत होता.