वहिनीची तीन दारं

नणंदेला दोष काढायचा पगार मिळतो, हे वहिनीचं लाडकं वाक्य होतं आणि ते शब्दशः खरं होतं. नणंद त्याच कंपनीत टेस्टर होती. वहिनी प्रोग्रॅम लिहायची आणि समोरच्या टेबलावरची नणंद तो मोडून दाखवायची. नणंद वहिनी म्हणते म्हणून अख्खं ऑफिसच तिला वहिनी म्हणायला लागलं होतं, अगदी साहेबसुद्धा. नणंदेला मात्र सगळे भिंग म्हणायचे. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, आणि सुटलंच तर दुसऱ्या दिवशी ती ते नव्यानं शोधायला बसायची.

काम एका इस्पितळाचं होतं. रुग्णांना मोबाइलवरून वेळ घेता यावी, औषधांची यादी बघता यावी, तपासण्यांचे रिपोर्ट वाचता यावेत. तीन कामांच्या तीन सर्व्हिसेस, तिन्ही क्लाउडवर, आणि तिन्हींच्या तोंडाशी गेटवे नावाचा पहारेकरी. लांबलचक अक्षरांची किल्ली दाखवली तर आत, नाहीतर आल्या पावली परत. उद्या सकाळी दहाला हे सगळ्यांसाठी सुरू व्हायचं होतं. आज पत्ता फक्त या दोघींकडे होता, पण इस्पितळानं खरे रिपोर्ट सकाळपासूनच आत भरायला घेतले होते.

त्यातच आज वहिनीचाही एक रिपोर्ट येणार होता.

महिन्यापूर्वी मानेवर एक गाठ तिच्या हाताला लागली होती. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत जाऊन ती तपासणीसाठी सुई टोचून आली होती. घरी कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याला सांगावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, सासूबाईंना सांगावं तर त्या जेवण सोडतील. आणि नणंदेला सांगायचं म्हणजे रोज उठून मान दाखवायची. आधी काय ते कळू दे, असं तिनं ठरवलं होतं. कळायचा दिवस आज उजाडला होता.

अकरा वाजता समोरून आवाज आला, “वहिनी, रिपोर्टची सर्व्हिस किल्लीशिवाय उघडतेय. अख्खी यादी दिसतेय.”

वहिनी खुर्चीतून अर्धी उठली. “बंद कर ते! म्हणजे, बघते मी. तू जा, चहा पिऊन ये.”

तिनं रिपोर्टच्या नियमांची फाइल डोळ्यांत तेल घालून वाचली. किल्लीची सक्ती तर तिथं लिहिलेली होती. तिनं ती फाइल पुन्हा क्लाउडवर चढवली आणि तपासलं. रिपोर्टचं दार गपकन बंद. तिनं सुस्कारा सोडला.

नणंद चहा पिऊन आली आणि दोन मिनिटांत म्हणाली, “आता औषधं उघडी आहेत.”

वहिनीनं औषधांची फाइल चढवली. औषधं बंद झाली, आणि रिपोर्ट पुन्हा सताड उघडे. आखूड चादर ओढावी तसा प्रकार, डोकं झाकलं की पाय उघडे. तिनं वेळ घ्यायची सर्व्हिस नीट केली, तर बाकी दोन्ही उघड्या पडल्या. तीन तासांत तिनं नणंदेला चार वेळा चहाला पाठवलं. चौथ्यांदा नणंद जाग्यावरून हलली नाही.

“चौथा कप प्यायले तर मलाच इस्पितळात न्यावं लागेल,” ती म्हणाली. “आणि तू आज एवढी का कावतेयस? इतर वेळी मी चूक काढली की तू आधी तासभर भांडतेस.”

“वन्सं, कामाचं बोला.” राग आला की वहिनी धाकट्या नणंदेला वन्सं म्हणायची.

“कामाचंच सांगते. तू जे शेवटी चढवतेस, तेवढंच बंद होतं. तिन्ही फाइली एकीशेजारी एक उघड बघू.”

वहिनीनं उघडल्या. नणंदेनं खुर्ची ओढली आणि पडद्यावर बोट ठेवलं. तिन्ही फाइलींच्या पहिल्या ओळीत एकच नाव होतं.

वहिनीनं कपाळावर हात मारला. चालत्या फाइलीच्या डोक्याला हात लावायचा नाही, असा तिचा जुना बाणा होता. एक फाइल चालली की तिची नक्कल काढायची, पोटातलं बदलायचं, वरची ओळ तशीच ठेवायची. याच शिस्तीवर तिनं ऑफिसात चार भाषणं ठोकली होती. क्लाउड बिचारं एका नावाखाली एकच फाइल ठेवायचं. नवी आली की जुनीवर बोळा. आणि ज्या सर्व्हिसबद्दल काही सांगितलेलंच नाही, तिथं पहारेकरी येईल त्याला आत सोडत होता.

“भाषण दे ना आता,” नणंद म्हणाली.

“गप बस.”

वहिनीनं तीन फाइलींना तीन नावं दिली, पहारेकऱ्याला तिन्ही वाचायला सांगितल्या आणि सगळं चढवलं. नणंदेनं तिन्ही दारं किल्लीशिवाय ठोठावली. तिन्हीकडून नकार आला. मग किल्ली दाखवून बघितलं, तिन्ही उघडली. काम झालं होतं. पण नणंद उठेना, आणि तिची थट्टाही कुठं गेली कळेना.

“वहिनी, यादीत तुझं नाव होतं.”

वहिनीचा चेहरा उतरला. “कधी बघितलंस?”

“अकराला. रिपोर्ट आला तो एकच्या सुमारास.”

“म्हणजे वाचलास.”

“नाही वाचला.”

“तासभर दार उघडं होतं, आणि तू वाचला नाहीस? तू?”

“दार उघडं आहे की बंद, हे बघायचं माझं काम. आत डोकावायचं नाही.” नणंदेचा आवाज बारीक झाला. “बोट दोनदा गेलं होतं. मागं घेतलं.”

वहिनीनं पर्समधून इस्पितळाचा कागद काढला. त्यावर तिची स्वतःची किल्ली छापलेली होती. दिवसभर ज्या एका माणसापासून तिनं रिपोर्ट लपवला होता, त्याच माणसाच्या हातात तिनं तो कागद ठेवला.

“तूच वाच. माझ्याच्यानं नाही होणार.”

नणंदेनं एकेक अक्षर टाकलं. चुकलं, परत टाकलं. रिपोर्ट उघडला तेव्हा वहिनीनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. नणंदेनं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

“साधी गाठ आहे गं,” ती म्हणाली. “साधी आहे. वर्षानं परत दाखवा, एवढंच लिहिलंय.”

वहिनीला हायसं वाटलं, पण रडू नणंदेलाच फुटलं. तिचे हुंदके थांबेनात, तेव्हा वहिनी उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेली.