आजी "कळलं" म्हणाली की पास

बानूबाईला सहीसुद्धा येत नव्हती, पण घरातली परीक्षा तीच घ्यायची. तिची नात अंकिता शाळेत कधी बसलीच नव्हती. मेंढरं होती तोवर बिऱ्हाड आज या शिवारात तर उद्या त्या. सून धनश्री बारावी शिकलेली, म्हणून तिनंच पोरीला तळावर शिकवायला घेतलं. गेल्या वर्षी मेंढरं विकून मांडवगण फराट्यात ऊस लावला, घर केलं, तरी शिकवणं घरीच चालू राहिलं.

धनश्रीचा नियम सोपा होता. धडा संपला की अंकितानं तो आजीला समजावून सांगायचा, आणि आजी "कळलं" म्हणाली की पोरगी पास. बानूबाईचा नातीवर भारी जीव, पण त्या जिवापोटी उगाच मान हलवणारी बाई ती नव्हे. पृथ्वी फिरते हे ती बरेच दिवस मान्य करत नव्हती. शेवटी अंकितानं दिव्यापुढं कांदा जागच्या जागी फिरवून दिवस-रात्र करून दाखवली, तेव्हा म्हणाली, "असं व्हय! मग आधीच कांदा का न्हाई आणलास?"

आता अंकिताला नववीत घालायचं होतं, गावातल्या बरोबरीच्या पोरींसोबत. त्यासाठी मुक्त शाळेची आठवीची परीक्षा पास व्हायला हवी होती, नाहीतर वर्ष हातचं गेलं. बानूबाईला काडीची काळजी नव्हती. "मला कळलंय," ती सांगत सुटली, "मग पेपर तपासनाऱ्याला न कळायला काय झालं?"

आधी शिरूरच्या केंद्रात सराव परीक्षा झाली. निकाल ऐकायला तिघी एसटीनं गेल्या. केंद्राच्या राजश्री मॅडमनी पेपर पुढं केला आणि म्हणाल्या, "नापास."

धनश्रीचा चेहरा पडला. मॅडमनी शेकडेवारीचं उत्तर मोठ्यानं वाचलं, "'आजे, समज तुझ्या कळपात दहातली दोन मेंढरं काळी हायत. मग शंभरातली किती?' उत्तर बरोबर आहे, ताई. पण दोन ओळींच्या गणिताला हिनं अख्खं पान घेतलंय. सगळीकडे असंच. निम्मा पेपर कोरा राहिला, आणि कोऱ्या पानाला मी गुण देऊ शकत नाही. नियम सगळ्या मुलांना सारखा. आज्या त्यांनाही असतात."

आपण थेट पेपरात गेलो म्हणून बानूबाई आधी फुलून गेली. मग मॅडमनी मागची कोरी पानं उलटून दाखवली आणि तिचं तोंड उतरलं. नातीची पानं आपणच खाल्ली, असं तिला वाटलं. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.

"आत्या, चूक माझी हाय," धनश्री म्हणाली. "सगळं शिकवलं, पेपर लिहायला तेवढं शिकवलं न्हाई. अजून महिना हाय. व्हतंय."

घरी अंकिता भिंतीला टेकून बसली. "आजी डोळ्यांपुढं आल्याबिगर मला लिहिताच येत न्हाई," ती रडवेली होऊन म्हणाली.

बानूबाईनं पदर खोचला आणि नातीच्या पुढ्यात बसली. "मग येऊ दे की डोळ्यांपुढं. पण मला आता समदं ठावं हाय. ठावं असलेल्या मानसाला फिरून फिरून सांगतेस व्हय? उत्तर टाक आन् पुढं पळ!"

त्या दिवसापासून अंकिता लिहायची आणि बानूबाई समोर बसून तिची लेखणी बघायची. लेखणी एका जागी रेंगाळली की ती जमिनीवर थाप मारायची, "कळलं! पुढं!" बीजगणितातला एक्स आला तेव्हा तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तरी तिनं थाप मारली, "कळलं! पुढं!" न कळता कळलं म्हणायची तिची ही जन्मातली पहिलीच वेळ. तोंडातून शब्द गेला आणि मनाला टोचला, पण तिनं ते मनातच ठेवलं.

परीक्षेला अंकितानं शेवटच्या ओळीपर्यंत पेपर लिहिला. पुढं धनश्रीच्या मोबाईलवर निकाल आला. पोरगी पास झाली होती, तीही चांगल्या गुणांनी. धनश्री अंगणातच रडायला लागली, मग हसायला लागली. नववीचा प्रवेश पक्का झाला. अंकितानं पहिला पेढा आजीपुढं धरला.

बानूबाईनं तोंड मिटून घेतलं.

"अगं, पास झाले मी!"

"सरकारनं केलं पास. माझं राहिलंय अजून." बानूबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. "महिनाभर खोटं बोलले मी. त्यो एक्स काय हाय, मला कळलेलं न्हाई. सांग, मगच पेढा खाईन."

अंकिताचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच ती ऐटीत मांडी घालून बसली.

"आजे, समज तुझी काही मेंढरं हरवली. किती, ते ठावं न्हाई..."

"माझी कवा गं हरवली?" बानूबाई खेकसली, आणि ऐकायला पुढं सरकली.